हॅरोल्ड स्टीफन ब्लॅक

हॅरोल्ड स्टीफन ब्लॅक (१४ एप्रिल, १८९८ – ११ डिसेंबर, १९८३) हे अमेरिकन विद्युत अभियंता होते. विवर्धकाच्या म्हणजेच अँप्लिफायरच्या निर्गमाचा काही अंश उलट्या दिशेने आदानाकडे परत देऊन त्यातील विरूपण कमी करण्याच्या पद्धतीचे ते जनक मानले जातात. ही पद्धत ऋण पुनर्भरण किंवा निगेटिव्ह फीडबॅक या नावाने ओळखली जाते. दूरध्वनीसाठी शोधलेले हे तत्त्व पुढे घरगुती ध्वनिविवर्धकाचाही आधार ठरले.

जीवन व शिक्षण

ब्लॅक यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेमिन्स्टर येथे झाला. वुस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधून १९२१ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर ते न्यू यॉर्क येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या अभियांत्रिकी विभागात रुजू झाले. या विभागातूनच १९२५ मध्ये बेल प्रयोगशाळा स्थापन झाली.

विरूपणाची समस्या

लांब पल्ल्याच्या दूरध्वनी तारेवर संदेश क्षीण होत जातो. त्यामुळे ठरावीक अंतरावर तो पुन्हा वाढवावा लागे. त्या काळच्या निर्वात नलिकांचे विवर्धक संदेशाबरोबर स्वतःचे विरूपणही मिसळत आणि एकामागून एक अनेक विवर्धक जोडले की ते साचत जाई. एकाच तारेवरून अनेक संभाषणे पाठवल्यास ती एकमेकांत मिसळत.

अधिक चांगल्या नलिका बनवण्याचा मार्ग अपुरा आहे, हे ब्लॅक यांनी ओळखले. १९२३ मध्ये त्यांनी निर्गमातून मूळ संदेश वजा करून केवळ विरूपण वेगळे काढण्याची आणि ते दुसऱ्या विवर्धकाद्वारे रद्द करण्याची योजना मांडली. ती कार्य करीत असे. परंतु तिच्यातील जुळणी सतत अचूक ठेवावी लागत असल्याने ती व्यवहारात टिकली नाही.

ऋण पुनर्भरणाचा शोध

२ ऑगस्ट, १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना, हडसन नदी पार करणाऱ्या फेरीबोटीत त्यांना नवा उपाय सुचला. हातातील न्यू यॉर्क टाइम्सच्या पानावर त्यांनी आकृती व समीकरणे लिहिली आणि कचेरीत पोहोचल्यावर त्यावर सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेतली. त्याच वर्षी डिसेंबरअखेर प्रयोगशाळेत विरूपण एक लक्षपटीने घटल्याचे दिसून आले.

या पद्धतीत विवर्धन जाणूनबुजून गमावले जाते. समजा, विवर्धन १०,००० पट आहे आणि निर्गमाचा शंभरावा भाग उलटा परत दिला, तर एकूण विवर्धन सुमारे ९९ पट उरते. नलिका जुनी होऊन मूळ विवर्धन ५,००० वर आले, तरी एकूण विवर्धन सुमारे ९८ पट राहते. गमावलेल्या विवर्धनाच्या बदल्यात स्थैर्य मिळते.

पेटंट व मान्यता

कष्टाने मिळवलेले विवर्धन फेकून देण्याची कल्पना अनेकांना विपरीत वाटली. निर्गम आदानाला जोडल्यास विवर्धक आपोआप आंदोलित होईल, असाही समज रूढ होता. १९२८ मध्ये अर्ज केलेले पेटंट त्यामुळे २१ डिसेंबर, १९३७ रोजी, म्हणजे नऊ वर्षांनी मंजूर झाले. दरम्यान हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये स्थैर्याचा निकष मांडला व हेंड्रिक बोडे यांनी त्याचा पुढे विकास केला. स्वतः ब्लॅक यांचा यावरील शोधनिबंध १९३४ साली प्रसिद्ध झाला.

घरगुती ध्वनिविवर्धकावरील प्रभाव

१९४७ मध्ये ब्रिटनमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी प्रसिद्ध केलेल्या विवर्धकामुळे हे तत्त्व हौशी मंडळींपर्यंत पोहोचले. सोलापूर जिल्ह्यातील वळसंगसारख्या गावातील घरात वाजणारा अँप्लिफायरही आज सर्वसाधारणपणे याच तत्त्वावर चालतो.

मात्र या तत्त्वाला मर्यादा आहेत. अतिउच्च वारंवारतेवर पुनर्भरण वेळेत पोहोचत नाही आणि आदान टप्पा क्षणभर अतिभारित होतो. फिनलंडचे मट्टी ओटाला यांनी १९७० च्या दशकात या दोषाकडे लक्ष वेधले. म्हणून आदानावर गाळणी बसवतात. १ किलोओहमचा रोधक व १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर सुमारे १५९ किलोहर्ट्झच्या वरील रेडिओ लहरी क्षीण करतात. तसेच ४७ किलोओहम आदानरोधापूर्वी मालिकेत जोडलेला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकदिश दाब अडवतो, पण सुमारे ३.४ हर्ट्झच्या वरील ध्वनी जाऊ देतो. पुनर्भरणाच्या शाखेतील कपॅसिटरमुळे एकदिश दाबासाठी विवर्धन केवळ एकपट राहते.

निर्गमाचा ट्रान्झिस्टर जळून आरपार वाहू लागला, तर पुनर्भरणही निरुपयोगी ठरते. ३५ व्होल्टचा पुरवठा ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकावर थेट आल्यास सुमारे १५० वॉट उष्णता निर्माण होते व त्याचे वेटोळे जळते. त्यासाठी एकदिश दाब ओळखून रिलेद्वारे ध्वनिक्षेपक तोडणारे संरक्षक परिपथ स्वतंत्रपणे द्यावे लागते.

उत्तरायुष्य व सन्मान

ब्लॅक यांचा मॉड्युलेशन थिअरी हा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५७ चे लॅम पदक त्यांना मिळाले. १९६३ मध्ये ते बेल प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. १९८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला. न्यू जर्सीतील समिट येथे त्यांचे निधन झाले.