चालून न पाहता सापडलेले उत्तर

गणित म्हटले की आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पोटात गोळा येतो. मीही त्याला अपवाद नाही. पण ग्रंथालयात थोर गणितज्ञ लेओनहार्ड ऑयलर यांचे चरित्र हाती आले आणि ही भीती थोडीफार ओसरली.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक; मुलानेही तेच व्हावे ही त्यांची इच्छा. तेराव्या वर्षी ऑयलर विद्यापीठात दाखल झाले. तेथील नामांकित प्राध्यापक योहान बर्नुली यांना खासगी शिकवणीस सवड नव्हती. त्यांनी अवघड पुस्तके स्वतःच वाचावयास सांगितली आणि अडलेले विचारण्यासाठी शनिवारची दुपार दिली. पुढे त्यांनीच वडिलांचे मन वळविले. १७२७ मध्ये ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत गेले.

तेथे असताना त्यांनी एक कोडे हाती घेतले. प्रशियातील कोनिग्सबर्ग शहराचे प्रेगेल नदीमुळे चार भाग पडले होते आणि ते सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सातही पूल फिरता येतील का?

येणार नाहीत, हे ऑयलर यांनी १७३५ मध्ये अकादमीपुढे सिद्ध केले. रस्त्यांची लांबी, पुलांचा आकार यांचा येथे काही संबंध नाही, हे त्यांनी ओळखले. कोणत्या भागाला किती पूल, एवढेच मोजायचे. वाटेतल्या भागात एका पुलाने आत आलो की दुसऱ्याने बाहेर पडावे लागते. म्हणजे तेथे पुलांच्या जोड्या लागल्या पाहिजेत. विषम संख्या चालेल ती फक्त आरंभीच्या आणि शेवटच्या ठिकाणी. कोनिग्सबर्गच्या बेटाला होते पाच पूल, उरलेल्या तिन्ही भागांना तीन-तीन. चारही ठिकाणी विषम! पुढे गणितज्ञांनी भागांच्या जागी बिंदू आणि पुलांच्या जागी रेषा काढल्या. त्यातूनच आलेख सिद्धान्त ही गणिताची शाखा वाढली.

१७३८ मध्ये ऑयलर यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ पासून पंचवीस वर्षे बर्लिनमध्ये काढून ते पीटर्सबर्गला परतले आणि काही वर्षांतच दुसराही डोळा गेला. तरी काम थांबले नाही. ते तोंडाने सांगत, इतर लिहून घेत. बीजगणितावरचा ग्रंथ त्यांनी शिंपीकाम करणाऱ्या एका तरुणाकडून लिहवून घेतला आणि लिहिता लिहिता तो तरुणच बीजगणित शिकला, असे सांगतात. १८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलर निवर्तले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ऑयलर यांची बरोबरी आपण काय करणार? पण त्या शिंपीकाम करणाऱ्या तरुणाच्या जागी मी स्वतःला पाहू शकते. सुट्टीत घरी गेले तेव्हा अंगणात रांगोळीचे चार ठिपके काढून ते सात रेषांनी जोडले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माझ्या आईने बोट न उचलता त्या रेषांवरून फिरून पाहिले. जमेना. मग मी तिला येण्याजाण्याच्या जोड्या समजावून सांगितल्या. तिने प्रत्येक ठिपक्याजवळच्या रेषा मोजल्या आणि मान डोलावली. गणित समजावून सांगण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.