वाटांची भूमिती

पदवीनंतरची प्रगत भूमिती केवळ मोठ्या विद्यापीठात, नामवंत गुरूंच्या सहवासातच शिकता येते, असा पुष्कळांचा समज असतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे जीवन या समजाला वेगळे उत्तर देते.

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक होते. संशोधनकार्यासाठी ते हार्वर्ड विद्यापीठात गेले, तेव्हा १९१८ साली त्यांनी दामोदरलाही अमेरिकेस नेले. पुढे १९२९ साली दामोदर कोसंबी हार्वर्डची बी.ए. परीक्षा अत्युच्च श्रेणीत उत्तीर्ण झाले आणि मायदेशी परतले. पदव्युत्तर वर्गात त्यांनी कधी नाव घातले नाही. पदवीचे शिक्षण संपले. अध्ययन मात्र संपले नाही.

प्रारंभी त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन केले. १९३१ साली ते अलीगढ येथील विद्यापीठात गेले. तेथील गणित विभागाची धुरा आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाकडे होती. वेल लवकरच मायदेशी परतले. परंतु कोसंबींचा भूमितीचा ध्यास कायम राहिला.

या भूमितीचे स्वरूप एका उदाहरणाने समजून घेऊ. अलीगढहून लखनौच्या हजरतगंज भागापर्यंत जाण्याची सर्वांत जवळची वाट कोणती? नकाशावर आपण एक सरळ रेघ ओढू. पण पृथ्वी गोल आहे. म्हणून तिच्या पृष्ठभागावरील ती वाट वस्तुतः किंचित वक्र असते. पृष्ठभाग जसा, तशी वाट. कोसंबींनी हाच प्रश्न उलट बाजूने विचारला. आपल्याला केवळ वाटाच ठाऊक असतील, म्हणजे त्यांची समीकरणे दिलेली असतील, तर त्यांवरून त्या अवकाशाची भूमिती सांगता येईल काय?

या विचारावरील त्यांचा निबंध १९३३ साली एका प्रतिष्ठित जर्मन गणित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच अंकात, त्यांच्या निबंधालगतच, एली कार्ताँ या थोर फ्रेंच भूमितिज्ञाने त्यावरील आपले विवेचन छापले. १९३९ साली चिनी गणितज्ञ चर्न यांनी हा विचार पुढे नेला. आज हा सिद्धांत कोसंबी, कार्ताँ आणि चर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो.

१९३३ पासून सुमारे बारा वर्षे कोसंबींनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले. १९४५ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. राहणे पुण्यात आणि काम मुंबईत, त्यामुळे ‘डेक्कन क्वीन’ गाडीचा प्रवास नित्याचा झाला. १९४९ साली शिकागो विद्यापीठाने त्यांना भूमितीचे अभ्यागत प्राध्यापक म्हणून बोलावले. पदव्युत्तर वर्गाची पायरी न चढलेला हा विद्यार्थी तेथे अध्यापक म्हणून उभा राहिला.

गणिताची शिस्त त्यांनी इतर विषयांतही नेली. हजारो प्राचीन नाणी स्वतः तोलून, झिजेमुळे घटलेल्या वजनावरून त्यांनी त्यांच्या चलनाचा काळ अभ्यासला. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा त्यांचा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला.

तथापि स्वतंत्र वाटेने चालण्यात धोकाही असतो. रीमान यांचा सुप्रसिद्ध अनिर्णित प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न त्यांनी १९५९ साली एका कृषी-संख्याशास्त्रविषयक नियतकालिकात मांडला. तो सदोष ठरला आणि त्यांच्या लौकिकाला धक्का बसला. १९६२ साली टाटा संस्थेशी असलेला त्यांचा संबंधही संपला. तरीही त्यांनी लेखन व संशोधन थांबवले नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कोसंबींच्या जीवनातून दोन गोष्टी ध्यानात येतात. वर्गाचे दार बंद झाले, तरी विद्येचे दार बंद होत नाही. आणि एकट्याने शिकणाऱ्याने आपले उत्तर इतरांकडून तपासून घेण्याची सवय अधिक काळजीपूर्वक जोपासावी लागते. त्यांचे यश जितके शिकवते, तितकीच त्यांची चूकही शिकवते.