डॉ. कोटणीस यांचा अल्पकालीन संसार

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरील १९४६ सालच्या चित्रपटातील प्रणयाहून त्यांचा प्रत्यक्ष संसार कितीतरी रूक्ष होता. आमच्या मते म्हणूनच तो अधिक मोलाचा. सोलापूरचे हे शल्यवैद्य १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. इतर चौघे सहकारी परतले. वडील निवर्तल्याचे कळूनही कोटणीस परतले नाहीत. १९४१ मध्ये ते तेथील बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि वर्षाअखेर परिचर्या-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. जपानी सैन्य चालून आले की रुग्णालय हलवावे लागे, त्याबरोबर बिऱ्हाडही. दिवस शस्त्रक्रियांत व अध्यापनात जाई. अध्यापन चिनी भाषेतून. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन, म्हणून यिनहुआ. ९ डिसेंबरला अपस्माराने पिता गेला, तेव्हा ते मूल चार महिन्यांचेही नव्हते.