शंभर येनचं पुस्तक आणि फोटोत पोझ नको म्हणणारा जपानी फोटोग्राफर : दोमोन केन

जानेवारी १९६०. जपानमधल्या दुकानांत फोटोंचं एक पुस्तक आलं. किंमत फक्त १०० येन. फोटोंचं पुस्तक म्हणजे गुळगुळीत जाड कागद, भक्कम बांधणी आणि सामान्य माणसाला न परवडणारी किंमत, असंच तोवर समीकरण होतं. हे मात्र वर्तमानपत्रासारख्या खरखरीत कागदावर छापलेलं. आत होती क्युशू बेटावरच्या चिकुहो भागातली, खाण कामगारांची पोरं. जपान कोळसा सोडून तेलाकडे वळत होता, खाणी बंद पडत होत्या आणि या पोरांच्या घरात चूल पेटायची मारामार होती.

कागद हलका होता तो मुद्दाम. ज्यांचे फोटो आहेत, त्यांच्यासारख्या लोकांनाही पुस्तक विकत घेता आलं पाहिजे, असा फोटोग्राफरचा हट्ट होता. पुस्तकाच्या लाखभर प्रती खपल्या. या हट्टी माणसाचं नाव दोमोन केन.

जपानी फोटोग्राफीच्या इतिहासात त्याच्याइतका मान मिळालेले लोक कमी आहेत. आणि त्याच्याइतकी भांडणं ओढवून घेतलेलेही कमीच.

दोमोनचा जन्म १९०९ चा, यामागाता प्रांतातल्या साकाता गावचा. लहानपणीच घर टोकियोला आणि मग योकोहामाला गेलं. पोराला व्हायचं होतं चित्रकार. ते जमलं नाही. कायद्याचं शिक्षण घ्यायला गेला, तर डाव्या चळवळीत ओढला गेला आणि शिक्षण अर्ध्यावर सुटलं. शेवटी १९३३ मध्ये टोकियोतल्या एका फोटो स्टुडिओत पडेल ते काम करायला लागला. थोडक्यात काय, तर कॅमेरा हातात आला तो हौसेने नाही, पोटासाठी.

दोनच वर्षांत तो नातोरी योनोसुके यांच्या ‘निप्पोन कोबो’मध्ये गेला. नातोरी जर्मनीत काम करून आलेले. ‘निप्पोन’ नावाचं त्यांचं देखणं त्रैमासिक परदेशी वाचकांसाठी निघायचं, जपान किती सुंदर आणि प्रगत आहे हे दाखवायला. दोमोनने इथे धंदा शिकला, पण आपले फोटो कुणाच्या नावावर जातात यावरून मालकाशी बिनसलं. पुढची नोकरी होती परराष्ट्र खात्याच्या आधाराने चालणाऱ्या एका सांस्कृतिक संस्थेत. म्हणजे तिथेही काम तेच, देशाची प्रतिमा चमकवण्याचं. १९४३ मध्ये, भर युद्धात, त्याने अशाच प्रचारी मासिकांवर टीका करणारा लेख लिहिला आणि तीही नोकरी गेली.

त्याने प्रचाराचं काम केलं हे लपवण्यासारखं नाही. पण पुढे तो सत्याच्या नावाने एवढा पेटला, त्याचं कारण याच वर्षांत शोधावं लागतं. फोटोतून खोटं कसं बोलतात, हे त्याने आतून पाहिलं होतं.

युद्ध संपलं. जपान हरला, शहरं जळाली, रस्त्यावर अनाथ पोरं आणि पाय गमावलेले सैनिक दिसू लागले. १९५० पासून दोमोन ‘कॅमेरा’ मासिकात हौशी फोटोग्राफरांच्या दरमहाच्या स्पर्धेचा परीक्षक होता. तिथून त्याने आपला नियम जाहीर केला. मांडणी नको, नाटक नको, पोझ तर नकोच. समोर जे घडतंय तेच टिपा.

शेकडो तरुण या विचाराने भारावले. नंतर जगभर नाव झालेला तोमात्सु शोमेई हाही त्या काळात या स्पर्धेसाठी फोटो पाठवायचा. पण झालं असं, की वास्तव म्हणजे गरिबी असा सोपा अर्थ लोकांनी काढला. मासिकाकडे भिकाऱ्यांच्या फोटोंचा ढीग लागला. टीकाकारांनी या सगळ्याला ‘भिकारी फोटो’ असं नावच पाडलं. उपाशी माणसाचा फोटो काढून बक्षीस घ्यायचं, यात त्या उपाशी माणसाला काय मिळालं? प्रश्न बिनतोड होता. काही वर्षांनी दोमोननेच या चळवळीचा पहिला टप्पा संपल्याचं जाहीर केलं.

बरं, समोरच्याला न दुखवता फोटो काढणं त्याला कधीच जमलं नाही. चित्रकार उमेहारा रिउझाबुरो यांचा फोटो काढताना त्याने इतका वेळ लावला, इतका पिच्छा पुरवला, की त्यांनी संतापून वेताची खुर्ची आपटली. तो ताण फोटोतल्या चेहऱ्यावर दिसतो. आता हे वास्तव की फोटोग्राफरनेच तापवलेलं वास्तव? दोमोनच्या नियमातली ही फट त्याच्या भक्तांनी फारशी उकरली नाही.

१९५७ च्या जुलैमध्ये एका साप्ताहिकाच्या कामासाठी तो हिरोशिमाला गेला. बॉम्ब पडून बारा वर्षं झाली होती. अमेरिकेचा ताबा असताना अणुबॉम्बच्या फोटोंवर सेन्सॉरचा पहारा होता. १९५२ मध्ये ताबा संपला, पण देशाला आता पुढे जायचं होतं. दोमोनलाही वाटत होतं, की हिरोशिमा आपल्याला माहीत आहे. रुग्णालयात पाऊल टाकल्यावर कळलं, की काहीच माहीत नाही. साप्ताहिकाचं काम झालं तरी तो पुन्हा पुन्हा जात राहिला.

१९५८ मध्ये ‘हिरोशिमा’ हे पुस्तक आलं आणि लोक हादरले. त्यात भाजलेल्या चेहऱ्यांवरच्या शस्त्रक्रिया होत्या, त्वचा काढून दुसरीकडे लावतानाचे अगदी जवळून घेतलेले फोटो होते. अनाथाश्रमातली मुलं होती. हे इतक्या जवळून दाखवणं क्रूर आहे, असं म्हणणारे होतेच. उलट लेखक ओए केन्झाबुरो यांना यात वेगळंच मोठेपण दिसलं. बॉम्बने मेलेल्यांपेक्षा बॉम्बनंतर जगत राहिलेल्यांकडे दोमोनने पाहिलं, असं त्यांचं मत होतं.

हिरोशिमानंतर आलं चिकुहो. आणि त्याच सुमारास, पन्नाशीत, मेंदूतल्या रक्तस्रावाने दोमोनला गाठलं. उजव्या हातातली ताकद गेली. छोटा कॅमेरा झटकन डोळ्याला लावून धावतं आयुष्य टिपणं संपलं.

मग तो मंदिरांकडे वळला. खरं तर बौद्ध मूर्ती आणि मंदिरांचे फोटो तो १९३९ पासूनच काढत होता. आता तिवईवर मोठा कॅमेरा, मदतीला सहायक, तासन्‌तास चालणारी प्रकाशाची जुळवाजुळव. पोझ नको म्हणणारा माणूस आता दिवे लावून एकेका मूर्तीचा हात, ओठ, वस्त्राची चुणी टिपू लागला. समाज सोडून देवळात लपला, अशी टीकाही झाली. पण चिवटपणा तोच. ‘कोजी जुनरेई’, म्हणजे प्राचीन मंदिरांची यात्रा, या नावाने १९६३ ते १९७५ दरम्यान पाच भव्य खंड निघाले. शंभर येनच्या पुस्तकाच्या अगदी उलट, हे महागडे ग्रंथ होते.

मधेच १९६८ मध्ये दुसरा झटका आला आणि तो चाकाच्या खुर्चीला खिळला. तरी सहायकांच्या मदतीने काम सुरूच. नारा प्रांतातल्या मुरोजी मंदिरावर त्याचा विशेष जीव होता. सगळ्या ऋतूंत ते टिपलं होतं, फक्त बर्फ पडलेलं मुरोजी हाती लागलं नव्हतं. १९७८ मध्ये तो तिथे बर्फाची वाट पाहत थांबला. हिवाळा सरत आला तरी बर्फ पडेना. मार्चमध्ये एका सकाळी पडला, फार नाही, पातळसा. दोमोनने फोटो काढला.

पुढच्याच वर्षी तिसरा झटका आला आणि तो बेशुद्धीत गेला. त्या अवस्थेत तो अकरा वर्षं होता. आपलं सगळं काम, सुमारे ७० हजार फोटो, त्याने साकाताला द्यायचं ठरवलं होतं. १९८३ मध्ये तिथे तळ्याकाठी त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं. इमारत वास्तुकार तानिगुची योशिओ यांची. ती दोमोनने पाहिली नाही. १५ सप्टेंबर १९९० रोजी तो गेला.