एडेसाचा राजा अबगर

रोम आणि पार्थिया या दोन साम्राज्यांच्या सीमेवर एक लहानसे राज्य होते. त्याची राजधानी एडेसा. आज ती तुर्कस्तानातील शानलिउर्फा होय. तेथे आठव्या अबगराने इ. स. १७७ ते २१२ अशी पस्तीस वर्षे राज्य केले. दोन बलाढ्य शेजाऱ्यांची मर्जी सांभाळून राज्य राखणे किती अवघड, हे संस्थानी शहरातील वाचकांस सांगावयास नकोच.

१९३ साली रोमच्या गादीसाठी तंटा लागला, तेव्हा अबगराचा कल हरणाऱ्या पक्षाकडे होता. विजयी सम्राट सेव्हेरसाने १९५ साली त्याच्या मुलखाचा मोठा भाग रोमन प्रांतात घातला. एडेसा व भोवतालचा टापू तेवढा राहिला. पुढे समेट झाला आणि अबगर मोठ्या लवाजम्यानिशी रोमला जाऊन आला.

राज्य आटले, पण दरबार आटला नाही. राजाचा बालमित्र बार्दैसान हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ होता. ढालीवर बाण मारून माणसाची आकृती उमटविणारा तो तिरंदाज आणि सिरियाक भाषेत दीडशे गीते रचणारा कवी. नव्या धर्माचा म्हणून राजाने त्याला दूर लोटले नाही.

नोव्हेंबर २०१ मध्ये दैसान नदीला महापूर आला. दोन हजारांवर माणसे बुडाली. राजवाड्याची आणि ख्रिस्ती मंदिराचीही हानी झाली. राजाने पीडितांचे कर माफ केले आणि हिवाळ्यात नदीकाठच्या दुकानांत रात्री राहण्यास बंदी केली. तरआथा देवीच्या नावाने पुरुषांनी स्वतःचे अंग छेदण्याची चालही त्याने बंद केली.

पूर्वीच्या एका अबगराने येशूला पत्र लिहिले, अशी कथा चौथ्या शतकात प्रसिद्ध झाली. ती या अबगराच्या काळावरून सुचली असावी, असे काही विद्वान मानतात. तो स्वतः ख्रिस्ती झाला, यास मात्र भक्कम पुरावा नाही.

त्याच्यानंतर थोड्याच काळात सम्राट काराकाला याने एडेसा रोमला जोडली. बार्दैसान २२२ साली वारला. पुढे त्याची मते पाखंड ठरली. तरी लोक त्याची गीते गातच राहिले. चौथ्या शतकात संत एफ्रेमाला त्यांचे खंडन करावयाचे होते. तेव्हा बार्दैसानाच्या मुलाने बांधलेल्या चालींवरच त्याने आपले शब्द बसविले, असे जुने इतिहासकार सांगतात. शब्द खोडले गेले, चाल तीच राहिली. ज्या दरबाराने ती रुजू दिली, त्याचा धनी अबगर होता.