वर्ध्याहून मेक्सिको आणि परत

सातवं सेमिस्टर लागलं की आपल्या होस्टेलमध्ये दोन जातीची मुलं दिसू लागतात. एक कॅम्पससाठी अ‍ॅप्टिट्यूडची गणितं सोडवणारी, आणि दुसरी जीआरईचे शब्द पुटपुटत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारणारी. अस्मादिक दुसऱ्या जातीतले! मेसमधला वादही ठरलेला. बाहेर गेल्याने घरच्यांचं भलं होतं की नाही? माझं उत्तर तयार असायचं. पगार, स्वच्छ हवा, मुलांचं शिक्षण... आणखी काय पाहिजे?

पण दिवाळीत घरी, वर्ध्याला गेलो आणि गाडी अडली. माझी ताई नऊ वर्षांपासून जर्मनीत आहे. तिने फोनवर सांगितलं की ती आणि भाऊजी कायमचं परत यायचा विचार करताहेत. आई आनंदाने रडली. बाबा भडकले, कारण कर्ज काढून तिला पाठवलं ते काय परत येण्यासाठी? आणि माझी सात वर्षांची भाची म्हणे दोन दिवस कोणाशी बोललीच नाही. तिचं गाव, तिच्या मैत्रिणी सगळं तिकडेच. बातमी एक, आणि एकाच घरात तिचे तीन अर्थ!

त्याच सुट्टीत बाबांच्या कपाटात वीणा गवाणकरांनी लिहिलेलं डॉ. पांडुरंग खानखोजे यांचं चरित्र सापडलं. खानखोजे आमच्या वर्ध्याचे, क्रांतिकारक होते, मेक्सिकोला गेले, एवढंच मला ठाऊक होतं. वाचायला घेतलं आणि जीआरई तीन दिवस बाजूला राहिली.

खानखोजे यांचा जन्म 1884 चा. विशीत असताना ते देशाबाहेर पडले, आधी जपान आणि मग अमेरिका. आपण जातो तसे पॅकेजसाठी नव्हे. ब्रिटिशांशी लढायचं तर लष्करी शिक्षण हवं, ही धून डोक्यात होती. मिळेल ते काम करून ते शिकले, ओरेगॉनमध्ये शेतीचा अभ्यास केला. 1913 मध्ये तिथे गदर पक्ष उभा राहिला, त्याच्या उभारणीत ते होते. त्यांचा एक सहकारी आपल्या बिरादरीतला, म्हणजे इंजिनिअरिंग शिकायला गेलेला. विष्णू गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेरेचा. तो लढ्यासाठी भारतात परतला आणि नोव्हेंबर 1915 मध्ये लाहोरच्या तुरुंगात फाशी गेला. खानखोजे इराणमध्ये ब्रिटिश फौजेशी लढले, पुढे बर्लिन, मॉस्को अशी भटकंती झाली. ब्रिटिशांच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे घरी उघडपणे परतायची वाट बंद होती.

इथे मी थांबलो. वर्ध्याच्या घराचं काय झालं असेल? मुलगा बाहेर गेला म्हणून त्या घराला ना पैसा मिळाला ना सुख. चाळीसहून जास्त वर्षं नुसती वाट पाहणं वाट्याला आलं. देशासाठी गेले हे खरं, पण त्याची किंमत त्यांच्या एकट्याने मोजली नाही.

1924 मध्ये ते मेक्सिकोत पोचले आणि आयुष्याने वळण घेतलं. मेक्सिकोत नुकतीच क्रांती होऊन गेली होती, मोठ्या जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटणं चालू होतं, आणि शेती जाणणारी माणसं हवी होती. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका हे तिथलं मुख्य अन्न. खानखोजेंनी मक्याच्या वाणांवर काम केलं, मक्याचा रानटी भाऊबंद असलेल्या तेओसिंतेशी त्याचा संकर करून पाहिला. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या कामाचे फोटो काढले. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी तर मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटून खाणाऱ्या माणसांचं चित्र काढलं, त्यात मध्यभागी आहेत आपले खानखोजे! वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोच्या भिंतीवर!

पन्नाशी ओलांडल्यावर, 1936 मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. मान होता, काम होतं, घर होतं.

आणि मग देश स्वतंत्र झाला. आता सरळ घरी यायचं ना? तर ब्रिटिश गेले तरी त्यांची काळी यादी शिल्लकच! परवानगी अडकली, खटपटीनंतर सुटली. 1949 मध्ये ते येऊन गेले आणि पुढे पन्नाशीच्या दशकात बायको-मुलींसह नागपूरला कायमचे राहायला आले.

पुस्तकातलं हे पान मी दोनदा वाचलं. खानखोजेंसाठी हे घरी परतणं होतं. पण मेक्सिकोत वाढलेल्या मुलींसाठी? त्यांच्यासाठी नागपूर हाच परदेश! नवी भाषा, नवं अन्न, वर नागपूरचा मे महिना! जानबाईंचं तर हे दुसरं स्थलांतर, आधी बेल्जियममधून मेक्सिको आणि आता इथे. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्या खानखोजेंना मेक्सिकोतलं स्थान इथे मिळालंच नाही. 22 जानेवारी 1967 ला ते गेले. 2022 मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात आपल्या लोकसभा अध्यक्षांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

मग परत येणं चुकलं का? मला तसं म्हणवत नाही. थोरल्या सावित्री यांनी पुढे वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. ज्या मुलीचं बालपण उचलून दुसऱ्या देशात आणलं, तिनेच त्या माणसाचं आयुष्य समजून घेतलं. हिशेब इतका सोपा नसतो.

आपण म्हणतो, कुटुंबाचं भलं झालं. पण कुटुंबाला एकच खातं नसतं, जमा एकाच्या नावावर पडते आणि खर्च दुसऱ्याच्या. बाहेर जाताना मागे राहिलेल्यांचा, आणि परत येताना तिकडे जन्मलेल्यांचा.

सुट्टी संपायच्या आधी ताईला फोन केला आणि भाचीला बोलवायला सांगितलं. तिला विचारलं की इथे आलीस तर तिथलं काय काय आठवेल? बराच वेळ ती सांगत राहिली, मैत्रिणीचं नाव, सायकल, शाळेजवळची बेकरी. बाबा बाजूला बसून ऐकत होते, काही बोलले नाहीत. ताईचा निर्णय अजून व्हायचाय.

माझी जीआरईची तारीख तीच आहे. फक्त मेसमध्ये वाद निघाला की आता मी आधी विचारतो, घरचे म्हणजे नक्की कोण?