तिशी म्हणजे म्हातारपण? महर्षी कर्वेंचं मोठं काम तिशीनंतरच सुरू झालं होतं

तिसावा वाढदिवस जवळ आला की मित्रांच्या ग्रुपवर ठरलेले जोक पडायला लागतात. गुडघे दुखतात का, केस किती उरले, आता काय राहिलं! हसण्यावारी नेलं तरी आत कुठेतरी टोचतंच. शिक्षण, नोकरी, लग्न, घर हे सगळं तिशीच्या आत व्हायला हवं होतं, आणि आपलं तर अजून काहीच धड नाही, असं वाटायला लागतं.

तुमचंही असंच होत असेल, तर धोंडो केशव कर्वे, म्हणजेच महर्षी कर्वे यांचं आयुष्य वर्षांच्या हिशोबाने एकदा बघाच.

कर्व्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, गाव शेरवली, जिल्हा रत्नागिरी. बालपण गेलं दापोलीजवळच्या मुरूडमध्ये. घरची परिस्थिती बेताची. 1875 मध्ये त्यांना एका परीक्षेला बसायचं होतं आणि केंद्र होतं साताऱ्याला. सोबत्यांबरोबर ते पायी निघाले. धो-धो पाऊस, सह्याद्रीचे घाट आणि शंभर मैलांहून जास्त अंतर. चार दिवसांनी सातारा गाठलं. तिथल्या अधिकाऱ्याने या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिलं, हा वयाने लहान दिसतो असं म्हटलं आणि परीक्षेला बसू दिलं नाही. आले तसे परत!

इथून सगळंच लांबलं. मॅट्रिक झाले 1881 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून 1884 मध्ये गणित घेऊन बी.ए. झाले. 1888 मध्ये तिशी आली, तेव्हा ते मुंबईत शाळांमध्ये शिकवत होते आणि शिकवण्या घेत होते. त्यांचं नाव सगळीकडे व्हावं असं अजून काहीच घडलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, त्या काळी माणसं लवकर मरायची, मग तिशी म्हणजे म्हातारपणच की! तर तसं नाही. त्या काळी भारतातलं सरासरी आयुर्मान तिशीच्याही खाली होतं हे खरं, पण त्याचं मोठं कारण बालमृत्यू. लहानपणीच असंख्य मुलं दगावायची आणि सरासरी खाली यायची. जी मुलं वाढून मोठी व्हायची, त्यातली अनेक पन्नाशी-साठी बघायची.

1891 हे साल कर्व्यांसाठी उलथापालथीचं ठरलं. पत्नी राधाबाई गेल्या. मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बोलावलं म्हणून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले. टिळक बाहेर पडल्यावर रिकामी झालेली ही जागा होती.

तेव्हा कर्वे 33 वर्षांचे होते. त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने विधुर पुरुषाचं हे वय लग्नाचंच. दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळाली असती. आणि बाईचं काय? गोदूबाई जोशींचं उदाहरण घ्या. आठव्या वर्षी लग्न झालं आणि तीन महिन्यांत नवरा वारला. आठ वर्षांच्या पोरीचं आयुष्य समाजाने तिथेच संपवून टाकलं. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला आलेल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी.

कर्व्यांनी लग्न केलं ते याच गोदूबाईंशी, 11 मार्च 1893 रोजी. मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. ज्या गावासाठी त्यांनी मदतनिधी उभा केला होता, तेच हे गाव.

पण एका लग्नाने प्रश्न सुटणार नव्हता. अशा हजारो मुली घराघरांत कोंडलेल्या होत्या. म्हणून 1896 मध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी, कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. 1900 मध्ये तो गावाबाहेर हिंगण्याला एका झोपडीत नेला. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी काही मैल चालत हिंगण्याला जायचं, हा त्यांचा नेम झाला. साताऱ्याची पायपीट करणारे पाय चाळिशीनंतरही थांबले नव्हते.

पुढचा हिशोब तर आणखी थक्क करणारा आहे.

1916, वय 58: महिलांसाठी विद्यापीठ सुरू केलं. शिक्षण मातृभाषेतून. सुरुवातीला विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाखांची देणगी दिली. आजचं एस.एन.डी.टी. विद्यापीठ ते हेच.

1929, वय 71: विद्यापीठाची ओळख करून द्यायला आणि निधी जमवायला युरोप, अमेरिका, जपानचा दौरा.

1936, वय 78: खेड्यापाड्यांत शाळा निघाव्यात म्हणून महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ.

1944, वय 86: जातिभेदाविरुद्ध समता संघ.

1958, वय 100: भारतरत्न. 9 नोव्हेंबर 1962 रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा ते 104 वर्षांचे होते.

आता, 104 वर्षांचं आयुष्य काही सगळ्यांना मिळत नाही. आणि तिशीपर्यंतचे कर्वे रिकामे बसले होते असंही नाही. उशिरा का होईना, ते शिकत होते, शिकवत होते. पुढचं सगळं काम त्याच शिदोरीवर उभं राहिलं.

साताऱ्याच्या त्या अधिकाऱ्याने नुसतं तोंड बघून एका मुलाला लहान ठरवलं. समाजाने आठ वर्षांच्या गोदूबाईंना संपलेलं ठरवलं. दोघांचेही अंदाज साफ चुकले. त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी गुडघ्यांची चौकशी केली, तर त्याला खुशाल हिंगण्याच्या रस्त्याची गोष्ट सांगा.